सोलापूर-मुंबई विमान सकाळी सोडा, संध्याकाळी परत आणा

मा. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री

सप्रेम नमस्कार.

मोहोळसाहेब, सोलापूर ते मुंबई हवाई अंतर साधारण 360 किलोमीटर. विमानाला तासभर, फार तर थोडं जास्त लागतं. रेल्वेनं तेच 455 किलोमीटर पडतं आणि वंदे भारतलाही साडेसहा तास लागतात. तरीही मुंबई म्हटलं की आमच्या एमआयडीसीतले बरेच जण अजून सिद्धेश्वर एक्स्प्रेसचंच तिकीट काढतात. भाड्याचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न वेळेचा आहे.

सिद्धेश्वर रात्री सुटते, सकाळी सीएसएमटीला उतरवते. दिवसभर काळबादेवीच्या कापड बाजारातली कामं उरकून रात्री परतीच्या गाडीत बसलं की सकाळी माणूस कारखान्यात हजर. कामाचा एकच दिवस जातो. मुंबईचं विमान 15 ऑक्टोबर 2025 ला सुरू झालं, तेही दुपारच्या वेळेत. दुपारी निघालेला माणूस सांताक्रूझहून बाजारात पोचेपर्यंत संध्याकाळ होते. मग हॉटेलात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परतीचं विमान गाठायची घाई. आमचा धंदा टॉवेलचा. व्यापारी नमुन्यांची बॅग उघडायला लावतो, टॉवेल बोटांत चोळून बघतो, जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, विचारतो, रंग उजेडात नेऊन पाहतो आणि मग कुठं भावाचं बोलणं सुरू होतं. हे घड्याळाकडे बघत होत नाही. परळला टाटा रुग्णालयात जाणाऱ्या पेशंटलाही सकाळीच पोचायचं असतं.

विमान कंपनीची अडचण आम्हाला कळते. छोटं विमान दिवसात चार गावं करतं. ते रात्री जिथं मुक्कामाला असतं तिथल्या लोकांना सकाळची वेळ मिळते, मधल्या गावांच्या वाट्याला दुपार येते. मुंबईत सकाळ-संध्याकाळचे स्लॉटही, म्हणजे विमान उतरवायच्या-उडवायच्या ठरलेल्या वेळा, सहज मिळत नाहीत. पण आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. तिथं सोलापूरसाठी जागा मागता येईल आणि तुमच्या शब्दाला तिथं वजन आहे. दुसरी गोष्ट सोलापूरच्या होटगी रोड विमानतळाची. डिसेंबरात इथं सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात विमान उतरवण्याची पक्की सोय असल्याशिवाय मुंबईहून संध्याकाळी निघायचं वेळापत्रक बसणारच नाही.

या विमानासाठी सोलापूरनं किंमत मोजली आहे. विमानांच्या वाटेत येते म्हणून 15 जून 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. त्यावरून गाव दोन बाजूंना उभं राहिलं, नात्यागोत्यात कटुता आली. विमान आलं की सगळ्या जिल्ह्याचं भलं होईल, असं आम्ही उद्योजक तेव्हा ऊस उत्पादकांना सांगत होतो. त्यांच्यासमोर आज मोकळ्या मनानं उभं राहायचं तर हे विमान कामाच्या वेळी उडायला हवं.

या मार्गाची तूट राज्य सरकार भरून देतं, म्हणजे पैसा जनतेचा आहे. तेव्हा सकाळी जाणं आणि संध्याकाळी परतणं, ही अट त्या मदतीला जोडावी, असा आग्रह तुम्ही राज्याकडे धरा. विमानांची वेळापत्रकं मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात. पुढचा बदल होण्याआधी कंपनी, विमानतळ प्राधिकरण आणि सोलापूरचे उद्योजक यांची एक बैठक सोलापुरातच लावा. नमुन्यांच्या बॅगा घेऊन आम्ही हजर राहू.

आपला,
एक टॉवेल कारखानदार
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर