मंडळीच्या घटनेवर साल हवेच

मा. संपादक,

पाळकांची नेमणूक असो वा जागेचा वाद, सांगली-मिरज भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत (स्थानिक चर्चमध्ये) ‘घटनेत, म्हणजे मंडळीच्या नियमावलीत, तसे आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येते. कोणत्या सालची घटना, कोणते कलम, हे बहुधा कोणी सांगत नाही. त्यात विश्वासाची तत्त्वे आणि कारभाराचे नियम एकाच झेरॉक्सच्या गठ्ठ्यात असले, तर गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी) बदलायची म्हटली तरी श्रद्धेलाच हात घातल्यासारखी सभा तापते.

मिरजेचे वॉनलेस रुग्णालय ज्या परंपरेच्या मिशनने उभारले, त्या अमेरिकेतील प्रेसबिटेरियन चर्चने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. एका पुस्तकात नायसीन मतांगीकारापासून दक्षिण आफ्रिकेच्या बेल्हार अंगीकारापर्यंत (समावेश २०१६) विश्वासाची तत्त्वे मांडणारे बारा दस्तऐवज आहेत; त्यांना अंगीकार म्हणू. दुसऱ्यात पाया, कारभार, उपासना आणि शिस्त हे चार भाग. दुसऱ्या पुस्तकातला नियम बदलायला जनरल असेंब्लीची (चर्चच्या सर्वोच्च सभेची) मंजुरी आणि निम्म्याहून अधिक प्रेसबिटेऱ्यांचा (विभागीय सभांचा) होकार पुरतो. अंगीकार बदलायचा तर दोन-तृतीयांश प्रेसबिटेऱ्यांचा होकार लागतो, शिवाय पुढच्या असेंब्लीची पुन्हा मंजुरी. ही रचना मला फार मोलाची वाटते.

तिथे हवाला पानाचा नव्हे, कलमाचा देतात. पाने प्रत्येक आवृत्तीत सरकतात. कारभाराच्या भागातले ‘जी-३.०२०४’ हे कलम म्हणजे इतिवृत्त आणि नोंदवह्या : सभासदांची यादी, बाप्तिस्मे, वडील (मंडळीचे निवडलेले पुढारी), डीकन (सेवाकार्य पाहणारे), पाळक. पण कलमांचे क्रमांकही बदलतात. २०११ मध्ये कारभाराचा भाग नव्याने लिहिला गेला, तेव्हा पूर्वी ‘जी-६.०१०६’मध्ये असलेला पदाच्या पात्रतेचा विषय ‘जी-२.०१०४’मध्ये गेला. म्हणून कलमाबरोबर साल.

आपल्याकडे हे सहज करता येईल. दुरुस्तीच्या ठरावात जुने शब्द, नवे शब्द, सभेची तारीख, हजेरी आणि दोन्ही बाजूंची मते लिहावीत. मग एकत्रित प्रत छापून मुखपृष्ठावर ‘अमुक तारखेपर्यंत सुधारित’ असे घालावे. मराठी व इंग्रजी प्रतींत फरक पडला तर कोणती ग्राह्य, तेही घटनेतच असावे. जुनी प्रत रद्दीत देऊ नये. जुन्या निवडणुकीचा वाद त्या वेळच्या नियमावरच तपासावा लागतो.

विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. नुसत्या ठरावावर विसंबू नये. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले, की चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन होण्याचा ठराव केल्याने मालमत्ता आपोआप जात नाही. त्यासाठी सोसायटी विसर्जित करण्याची कायदेशीर पद्धत पाळावी लागते.

एक वाचक, मिरज (जि. सांगली)