बिननावाच्या बाटल्या आणि घरची होडी

संपादक महोदय,

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत शापोरा नदीच्या काठाने शिवोलीपासून कोलवाळपर्यंत गेलात, तर घरोघरी होड्या पालथ्या घातलेल्या दिसतील. खाली माडाचे ओंडके, वर ताडपत्री आणि ताडपत्रीखाली ब्रश घेऊन जेलकोट, म्हणजे फायबरच्या होडीचा वरचा रंगीत थर, लावणारा घरातलाच कोणीतरी. यातली बरीच कामे बिघडतात. कुठे रंग सोलून येतो, कुठे पृष्ठभाग चिकटच राहतो, कुठे वर्षभरात फोड येतात. मी वास्कोकडे फायबरच्या कामात उभी हयात काढली. आता निवृत्त आहे आणि गावातल्या होड्या बघायला लोक मला बोलावतात. घरी हे काम नीट होऊ शकते, असे माझे ठाम मत आहे. ते बिघडते याचे मोठे कारण होडीवाल्याच्या हातात नसून त्याला मिळणाऱ्या बाटल्यांत आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या भाच्याने आपल्या सोळा फुटी होडीसाठी एका दुकानातून सामान आणले. पाण्याच्या जुन्या बाटलीत जांभळे कोबाल्ट (गोठण्याचा वेग वाढवणारे द्रव्य), औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाण्यासारखे दिसणारे हार्डनर आणि एका डब्यात पांढरा जेलकोट. कशावरही नाव नाही, तारीख नाही, प्रमाण नाही. दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत एकमेकींना टेकलेल्या. पिशवी पाहून माझ्या अंगावर काटा आला. हार्डनर म्हणून जे विकतात ते मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड, दुकानातल्या भाषेत एमईकेपी. ते कोबाल्टमध्ये थेट मिसळले तर मिश्रण भडकते, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये (हार्डनर घातल्यावर घट्ट होणाऱ्या दाट द्रवात) घालून पूर्ण ढवळायचे आणि हार्डनर सगळ्यात शेवटी, हा आमच्या कारखान्यातला पहिल्या दिवसाचा धडा होता. काही जेलकोटमध्ये कोबाल्ट आधीच घातलेले असते आणि मग ते वेगळे घालायचेच नसते. हे त्या पोराला कोण सांगणार? मूळ ड्रमवर सगळे छापलेले असते, पण इंग्रजीत, आणि ड्रम राहतो दुकानात.

एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्म्याशिवाय ती बाटली उघडूच नये. उडालेच तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धूत राहायचे आणि मग दवाखाना गाठायचा. घरात लहान मुले असताना हे द्रव्य औषधाच्या बाटलीत भरून देणे मला माफ करण्यासारखे वाटत नाही.

दुसरा धोका वासाचा. रेझिनचा उग्र वास स्टायरीनचा असतो आणि स्टायरीनची वाफ ३१ अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी घरातही एवढे तापमान असते. तेव्हा बंद पडवीत, चुलीजवळ, विडी ओढत हे काम करणे म्हणजे आगीला आमंत्रण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. तोंडाला रुमाल बांधून ही वाफ अडत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचे काडतूस असलेला मास्क हवा आणि जागा उघडी, वाऱ्याची हवी.

आता भाच्याच्या होडीचे. जेलकोट लावून आठवडा उलटला तरी बोट टेकले की चिकटायचे. ‘मामा, हें सुकना कित्याक?’ (हे सुकत का नाही?) म्हणून तो विचारत आला. दुकानदाराने त्याला सांगितले होते, पुढच्या वेळी हार्डनर जास्त घाल. हा सल्ला पूर्ण चुकीचा आहे आणि तो सर्रास दिला जातो. जेलकोट हा मूळचा साच्यात आधी लावायचा थर. त्याची बाहेरची बाजू साच्याला टेकलेली असते आणि हवेकडची बाजू मुद्दाम चिकट राहते, म्हणजे त्यावर मॅट (काचतंतूंची चादर) आणि रेझिन नीट धरतात. हवेतला प्राणवायू वरचा पापुद्रा घट्ट होऊ देत नाही. तोच जेलकोट जुन्या होडीवर बाहेरून लावला की चिकट बाजू वर येते. हार्डनर कितीही वाढवले तरी त्यात फरक पडत नाही, उलट थर पिवळा आणि कमजोर होतो.

उपाय सोपा आहे आणि स्वस्तही. शेवटच्या हातात (शेवटच्या थरात) वॅक्स सोल्युशन घालायचे, म्हणजे स्टायरीनमध्ये विरघळवलेले मेण. थर घट्ट होताना मेण वर तरंगून येते आणि हवा अडवते. पण ते फक्त शेवटच्या हातात. आधीच्या हातांत घातले तर पुढचा हात धरणारच नाही, मग मधला थर घासून काढावा लागतो. वॅक्स मिळाले नाही तर जेलकोट गोठू लागल्यावर वरून पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) मारावे. साचा सुटा करायला वापरतात तेच हे. काम झाल्यावर पाण्याने धुतले की निघून जाते. लहान डागावर गुळगुळीत प्लास्टिकचा कागद हवेचे बुडबुडे काढून चिकटवला तरी चालते. भाच्याच्या होडीला ॲसिटोनने पुसून, चिकट थर घासून आम्ही वॅक्स घातलेला एक पातळ हात दिला आणि ती दुसऱ्या दिवशी खडखडीत झाली.

प्रमाणही डोळ्यांनी ठरवू नये. हार्डनर वजनाच्या साधारण १ ते २ टक्के. एक किलो जेलकोटला १५ ग्रॅम धरले तर ते १३ मिलीच्या आसपास भरते, सुई काढलेल्या सिरिंजने सहज मोजता येते. उन्हाळ्यात लवकर गोठते म्हणून लोक ते अर्ध्या टक्क्यावर आणतात. तसे करू नका. १ टक्क्याच्या खाली गेल्यास जेलकोट वरून सुकल्यासारखा दिसतो, पण आतून कधीच पुरा पिकत नाही. त्यापेक्षा एका वेळी दोनशे-तीनशे ग्रॅमच कालवा, सावलीत, सकाळचे दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी. दहा-पंधरा मिनिटांत डब्यातले संपले पाहिजे. उरलेले डब्यात तसेच ठेवले तर ते तापते आणि धूर काढते, म्हणून पत्र्याच्या डब्यात घालून बाहेर, वाळलेल्या पानांपासून लांब ठेवावे.

थर किती जाड हवा? अर्धा मिलिमीटर तरी. ब्रशने एका हातात एवढा येत नाही, दोन-तीन हात लागतात. एक चौरस मीटरला साधारण ६०० ग्रॅम लागतो, तेव्हा सोळा फुटी होडीच्या फक्त बाजू करायच्या तर चार-पाच किलो लागेल. ब्रश नीट चालावा म्हणून ॲसिटोन ओतून पातळ करण्याची खोड सोडा. ते थरात अडकून बारीक भोके पाडते आणि त्याच भोकांतून पुढे पाणी शिरते.

खरे कौशल्य मात्र लावण्याच्या आधी आणि नंतर आहे. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचे. मग ॲसिटोनने जुने पॉलिश आणि तेल पुसून काढायचे आणि त्यानंतरच ८० नंबरच्या पेपरने घासायचे. आधी घासले की तेच मेण पेपरबरोबर फायबरमध्ये दाबले जाते. भेगा वरवर भरू नयेत. त्रिकोणी पात्याने उघडून मुळापर्यंत गेल्या आहेत का ते पाहावे. लावल्यानंतर वॉटर पेपर, २२० पासून ४००, ६००, ८००, १००० आणि मन लागले तर १५००, मग रबिंग कंपाउंड, शेवटी मेणाचे पॉलिश. ब्रशचे ओरखडे दिसणारा खडबडीत पृष्ठभाग हळूहळू आरशासारखा होत जातो. हात भरून येतात, पण होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात फिरवताना जे समाधान मिळते ते विकत घेता येत नाही.

आणि एक प्रामाणिक सल्ला. होडी नुसती फिकी पडली असेल, ओले फडके फिरवल्यावर खडूसारखा रंग हाताला येत असेल, तर नव्या जेलकोटची गरजच नसते. जुना थर पुरेसा जाड असतो. ८०० किंवा १००० चा वॉटर पेपर, कंपाउंड आणि मेण, एवढ्यावर जुनी चमक परत येते. पैसे वाचतात, स्टायरीनही पोटात जात नाही. साधा ऑइल पेंट मात्र त्यावर कधी मारू नका, तो पापुद्र्यांनी निघतो आणि पुढच्या माणसाला तो खरवडत बसावे लागते.

तळाला फोड आले असतील तर गोष्ट वेगळी. फोड फोडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे पाणी निघाले, तर पाणी फायबरमध्ये शिरले आहे असे समजावे. त्यावर जेलकोटचा हात मारणे म्हणजे ओल आत कोंडणे. सगळे फोड उघडून, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, होडी आठवडेच्या आठवडे वाळू द्यावी लागते. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवा. आत दव जमले तर अजून ओल आहे. पुरती वाळल्यावर इपॉक्सी या वेगळ्या जातीच्या रेझिनने भरावे आणि पाण्याखालच्या भागाला इपॉक्सीचेच संरक्षक थर द्यावेत. इपॉक्सी पाणी जास्त चांगले अडवते. आपल्याच दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या नौका पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. ‘तारिणी’ सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्यातून निघाली आणि २१ मे २०१८ रोजी गोव्यातच परतली. अशा नौका बांधणारे हात ज्या गोव्यात आहेत, तिथल्या होडीवाल्याला हार्डनरचे प्रमाण ठाऊक नसावे, याचे मला फार वाईट वाटते.

जून-जुलैत हे काम करणेच मुळात चुकीचे आहे. हवेत एवढी ओल असताना जेलकोट पांढरट पडतो, सुरकुततो. ज्यांची होडी फक्त नदीत फिरायला किंवा पर्यटकांना न्यायला आहे, त्यांनी दिवाळीनंतरचे कोरडे महिने निवडावेत. मासेमारांची अडचण मी जाणतो. हंगामात होडी ओढून ठेवली तर चूल कशी पेटेल? त्यांनी घासणे, भेगा उघडणे अशी कामे बंदीच्या दिवसांत छपराखाली करावीत आणि जेलकोटचा हात मे महिन्याच्या अखेरीस, बंदीच्या आधीचे चार कोरडे दिवस काढून द्यावा. दोन्ही एकाच वर्षात जमतीलच असे नाही, पण दोन वर्षांत काम पुरे करणे हे दरवर्षी बिघडवण्यापेक्षा बरे.

घासलेली पूड नदीत जाऊ देऊ नये, हेही कळकळीने सांगतो. इंग्लंडमधील चिचेस्टर बंदरातल्या कालवांत आणि शिंपल्यांत फायबरग्लासचे कण सापडल्याचे २०२४ साली ब्रायटन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. सुकती लागली की आपल्या बायाबापड्या याच शापोऱ्याच्या चिखलात तिसऱ्या आणि कालवे काढायला उतरतात. होडीखाली प्लास्टिक अंथरा, पाणी मारून घासा, गाळ गोळा करून वाळवा आणि बांधून ठेवा.

माझी मागणी साधी आहे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत डब्यावर आतल्या द्रव्याचे नाव, उत्पादकाचा पत्ता आणि धोक्याची माहिती असावी, असे म्हटले आहे. एमईकेपी त्या नियमांतल्या रसायनांच्या यादीत आहे. सुटे विकताना ही माहिती गळून पडते. कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाने आणि मत्स्योद्योग खात्याने मिळून रेझिन विकणाऱ्यांना एवढेच सांगावे. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी हवी. तीत नाव, तयार झाल्याची तारीख, प्रमाण आणि कोबाल्टचा इशारा असावा, कारण जेलकोट गरम हवेत सहा महिन्यांतच खराब होऊ लागतो. हार्डनर आणि कोबाल्ट एका पिशवीत देऊ नयेत. सोबत मराठी आणि कोकणीत एक पान असावे, ज्यात वॅक्स कधी घालायचे आणि डोळ्यात उडाले तर काय करायचे, हे मोठ्या अक्षरात असेल. वडिलांच्या वेळची लाकडी होडी काजूच्या टरफलाच्या तेलावर टिकायची आणि ते तेल कधी, किती लावायचे हे घराघरांत तोंडपाठ होते. फायबरच्या होडीचे ज्ञान कोणी असे घरपोच आणून दिलेले नाही.

त्या एका पानाचा मजकूर मी दोन्ही भाषांत लिहून द्यायला तयार आहे, विनामूल्य. खात्याने तो आपल्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा आणि येत्या मे महिन्याच्या आधी दुकानांत पोचवावा.

आपला,
एक निवृत्त फायबर कारागीर
शिवोली, बार्देश