शिकशील ते आम्हालाही शिकव

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझं प्रवेशाचं पत्र बाबांनी शेजारच्या काकूंना बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. दोन वर्षं पूर्णवेळ शिक्षण, त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी, आणि मगच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम. खूप आनंद झाला. पण फोनवर जे नीट सांगता येत नाही ते लिहून पाठवते.

मी आशांची गटप्रवर्तक, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविका आशांचं काम बघणारी, त्यामुळे गावातलं दुःख मला दवाखान्याच्या बाहेरून दिसतं. कुणी फवारणीचं औषध प्यालं की धावपळ होते. आरोग्य केंद्रात पोट धुतात, 108 येते, जिल्ह्याला नेतात. माणूस वाचला तर घरी येतो, आणि तिथून पुढे त्याला 'आता कसं वाटतं' असं विचारायला कुणी येत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 सांगतं की असा माणूस तीव्र ताणात आहे असं धरावं, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन सरकारने करावं. तरी घरचे अजूनही 'चुकून पोटात गेलं' असंच सांगतात, कारण पोलिसांची भीती गेलेली नाही. कायदा त्यांच्या उंबरठ्यापर्यंत कुणी नेलाच नाही.

तुला केस हिस्टरी घ्यायला शिकवतील. झोप, भूक, रडू येणं, पूर्वीचा आजार, सगळं विचारशील. त्यासोबत बँकेचं कर्ज किती आणि सावकाराचं किती, जमीन कुणाच्या नावावर आहे, नवरा पिऊन येतो का, जातीवरून कुणी काय बोललं, हेही विचारत जा. एखाद्या बाईच्या विचारांतली चूक शोधण्याआधी तिच्या घरात रात्री काय घडतं ते कळायला हवं. नाहीतर जे तिच्या घरात आणि गावात बिघडलंय ते सगळं तिच्याच डोक्यात बिघडलंय असं आपण लिहून मोकळे होतो.

श्रीलंकेचं उदाहरण बघ. तिथे सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि 1995 नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटलं. समुपदेशनाच्या खोलीत बसून एवढे जीव वाचले नसते. म्हणून दुकानात काय विकलं जातं, पीकविमा वेळेवर मिळतो की नाही, यावर मानसशास्त्रज्ञाने बोलायचं नाही असं तुला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

बुद्ध्यांकाच्या चाचण्यांबाबत माझा जीव विशेष तुटतो. बिने-कामत चाचणी कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, मालिन यांनी नागपुरात वेश्लरची चाचणी भारतीय मुलांसाठी घडवली. मोठी कामं आहेत ती. पण मेळघाटातल्या कोरकू मुलाला मराठीतून प्रश्न विचारले तर त्याची बुद्धी मोजली जाते की मराठी? कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषासुद्धा नाही. त्या आकड्यावरून दिव्यांगत्वाचा दाखला ठरतो, दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या अलीकडे की पलीकडे यावरून सवलत ठरते, कधी मुलाची शाळाही ठरते. अशा मुलासमोर बसशील तेव्हा कोरकू बोलणारं माणूस शेजारी घे, आणि अहवालात चाचणी कोणत्या भाषेत झाली ते स्पष्ट लिही. आणि त्याचे आईबाप आधी भूमकाकडे, म्हणजे कोरकूंच्या पारंपरिक वैदूकडे, जाऊन आले असतील तर त्यांना रागावू नकोस. तो त्यांच्या भाषेत बोलतो आणि त्यांना वेळ देतो.

आता माझं मुख्य मागणं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या 70 ते 92 टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आमच्या तालुक्यात मोजलं असतं तर फार वेगळं निघालं असतं असं मला वाटत नाही. तुझ्यासारख्या मुली कितीही शिकल्या तरी गावोगाव पुरणार नाहीत. गोव्यात संगथ संस्थेने मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशन शिकवलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नैराश्याच्या रुग्णांना त्यांनी सहा ते आठ बैठका दिल्या, बंद पडलेली रोजची कामं थोडी थोडी पुन्हा सुरू करायला मदत केली. 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी शंभरातले 64 जण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना त्या बैठका मिळाल्या नाहीत त्यांच्यात हाच आकडा 39 होता.

हे काम आमच्या आशा करू शकतात. गरोदर बाईची नोंद, बाळाचं वजन, क्षयरोग्याच्या गोळ्या, सगळं त्या करतातच, आणि घरातलं आधी त्यांनाच कळतं. पण त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर टाकून चालणार नाही. या कामाचा मोबदला हवा, आणि पाठीशी शिकलेलं माणूस हवं, ज्याला त्या विचारू शकतील, 'ताई, ही बाई आज असं बोलली, मी काय करू?' ते माणूस तू व्हावंस. शहरात दवाखाना काढलास तरी माझी हरकत नाही, घराला पैसाही लागतो. आठवड्यातला एक दिवस मात्र या कामाला राखून ठेव.

तिथे सुपरव्हिजनला, म्हणजे वरिष्ठांसोबत आपल्या केसवर बोलायच्या बैठकीला, कधी दांडी मारू नकोस. लोकांचं ऐकून तुलाही जड होईल. तेव्हा वरिष्ठांना सांग, मलाही फोन कर, रुग्णाचं नाव न घेता.

दिवाळीत येशील तेव्हा आशांची मासिक बैठक असेल. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून ठेवलंय, दोन तास तुला देतील. औषध घेऊन वाचलेल्या माणसाच्या घरी पहिल्या भेटीत काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, एवढंच शिकव. फळा आहे, खडू मी आणते.

तुझी,
आई