आई-बाबांना, माझ्या कामातील भीतीविषयी

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, लोक अंगावर धावून येतात अशा घरी तू जातेसच कशाला, असे तुम्ही विचारलेत. त्याचे उत्तर फोनवर नीट देता आले नसते, म्हणून लिहिते आहे.

बालसंरक्षणाच्या, म्हणजे घरात मुलाचा छळ किंवा आबाळ होत नाही ना हे पाहण्याच्या कामात प्रत्यक्ष मारहाणीपेक्षा शिवीगाळ, दारात वाट अडवणे आणि ‘तुम्ही कुठे राहता ते माहीत आहे’ असे शांतपणे सुनावणे अधिक घडते. या वाक्याची तक्रार करणे सर्वांत अवघड, कारण कागदावर ते निरुपद्रवी दिसते. मूल हातचे जाईल या धास्तीने पालक चिडतात हे मला समजते, पण त्यामुळे धमकीची धार कमी होत नाही.

मला मोठी काळजी वाटते ती मुलाची. ख्रिस गॉडर्ड आणि जॅनेट स्टॅन्ली या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मांडले आहे की, सतत धमक्या झेलणाऱ्या कार्यकर्त्याची अवस्था ओलिसासारखी होऊ शकते; 1973 मध्ये स्टॉकहोमच्या बँकेतील ओलिसांना जशी आपल्याला डांबणाऱ्यांविषयीच आपुलकी वाटू लागली, तसा तोही नकळत धमकावणाऱ्याच्या नजरेने त्या घराकडे पाहू लागतो. मग भेट लवकर आटोपते, मुलाशी एकट्याने बोलणे राहून जाते आणि अहवालात ‘पालक सहकार्य करतात’ असे लिहिले जाते. ज्या माणसासमोर माझे पाय लटपटतात, त्याच्यासोबत ते मूल रात्रंदिवस राहत असते.

म्हणून भीती गिळायची नाही, असे मी ठरवले आहे. पूर्वीच्या हिंसेची नोंद वाचूनच निघायचे, धोका असेल तिथे दोघींनी जायचे, परतण्याची वेळ कार्यालयात सांगून ठेवायची आणि प्रत्येक धमकी त्याच दिवशी लिहून काढायची. त्याहून मोलाचे म्हणजे, ‘तिथे तुला काय वाटले?’ असे विचारणारी वरिष्ठ व्यक्ती हवी. ‘हा कामाचाच भाग आहे’ हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. कामाच्या जगातील हिंसेविषयीच्या 2019 च्या आंतरराष्ट्रीय करारानेही त्रयस्थांकडून, म्हणजे मालक किंवा सहकारी नसलेल्या बाहेरच्या लोकांकडून होणारी हिंसा विचारात घेण्यास सांगितले आहे.

आई, अशा भेटीनंतर मी फोन केला, तर नोकरी सोडण्याचा विषय लगेच काढू नकोस. आधी माझे सगळे ऐकून घे. आणि अनोळखी कोणी माझा पत्ता विचारला, तर तो न देता मला ताबडतोब कळवा.

तुमची लेक