ती इंग्रजी बोलणारी बाई

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, 22 मार्च 2026

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र टाइप करून पाठवतेय. मोबाइलवर वाचलेलं बाबांना पटत नाही, तेव्हा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घ्या आणि मग झोपाळ्यावर बसून दोघं मिळून वाचा. फोनवर हे सांगायला गेले की आई मध्येच "बरं, असू दे" म्हणते आणि विषय तिथेच संपतो. असू द्यायचं नाहीये.

बाबा, काल तुम्ही कॅलेंडरच्या पानाचा फोटो पाठवलात. खाली एक अक्षर लिहिलं नाहीत. आधी मला वाटलं दुधाचा हिशोब चुकून माझ्याकडे आला. मग मोठा करून पाहिला. दुधाच्या टिंबांच्या खाली, गॅस सिलिंडरच्या 'आला'च्या शेजारी, लाल पेनाने रोजची एक खूण. फोन लागला तर बरोबर, नाही लागला तर फुली. पाटबंधारे खात्यात जन्मभर पाण्याची पातळी नोंदवलेला माणूस मुलीचीही पातळी नोंदवणारच. दहा फुल्या आहेत. पाडव्याच्या चौकोनातसुद्धा एक आहे.

पाडव्याला संध्याकाळी मी फोन केला तेव्हा आई नुसतं "हो, हो" करत होती. श्रीखंड केलंस का विचारलं, तर "केलं." एवढंच. शेवटी म्हणालीस, "तू हल्ली फोन कापतेस गं. लगेच ती इंग्रजी बोलणारी बाई येते." मी चिडले. मी एकदाही फोन कापला नव्हता, शपथेवर सांगायला तयार होते. पण फुल्या बघितल्यावर शपथ घ्यायचं धाडस होईना. ती बाई माझीच. तिला कामाला मीच ठेवलंय.

तिचं आधी सांगते. इकडे फोन उचलला गेला नाही की कंपनी तो कॉल एका रेकॉर्डिंगच्या पेटीकडे वळवते, तिला व्हॉइसमेल म्हणतात. बाई सांगते, माणूस सध्या बोलू शकत नाही, निरोप ठेवा. मग एक बीप वाजते आणि आपण बोलायचं. आपल्याकडे ही पद्धत कधी रुजलीच नाही, आपलं मिस्ड कॉलवर भागलं. पण कॉल पेटीत पोचायला चार-पाच रिंगा वाजू द्याव्या लागतात. आई म्हणाली, "एकसुद्धा रिंग नाही वाजत, सरळ बाई." गोम तिथेच होती. रिंग न वाजता बाई आली तर समोरच्याने फोन कापलाय असं नसतं. एक तर फोन बंद असतो, नाहीतर रेंज नसते (मी बोगद्यातून जाणाऱ्या ट्रेनमध्ये असले तर हेच), नंबर ब्लॉक केलेला असतो, किंवा फोनला आधीच कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की आत्ता कोणाला आत सोडू नकोस.

बाबांची शंका वेगळी होती: "तुझा फोन कोणी फॉरवर्ड तर केला नाही ना?" मी हसले होते. हसायला नको होतं, कारण व्हॉइसमेल हेही एक फॉरवर्डिंगच, फक्त कंपनीने आपल्या बऱ्यासाठी करून ठेवलेलं. मी तपासलं. तिसऱ्या कोणाकडे काही वळवलेलं नव्हतं. रेंज होती, बॅटरी होती, तुमचा नंबर ब्लॉक नव्हता. फोन बंद करून चालूही केला, कारण ते केल्याशिवाय कोणी आपल्याला गंभीरपणे घेत नाही.

मग पुन्हा कॅलेंडर काढलं. 8 मार्चपर्यंत सगळं बरोबर. 9 तारखेपासून शुक्रवारपर्यंत फुल्या. 14 आणि 15 ला, शनिवार-रविवार, पुन्हा बरोबर. 16 पासून 20 परत फुल्या. बाबा, तुम्ही यातून काय अर्थ काढला असेल ते मला कळतं: सुट्टीच्या दिवशी बोलते, कामाच्या दिवशी टाळते. पण तुम्ही फोन करता सकाळी आठला, आंघोळ-पूजा आटोपून, आणि तुमचे आठ म्हणजे घड्याळाचे आठ. हिवाळ्यात आपल्यात साडेदहा तासांचं अंतर असतं, तेव्हा इथे आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. मी भांडी लावत असते, फोन ओट्यावर असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथे घड्याळं एक तास पुढे करतात. आपल्याकडे असलं काही नाही, म्हणून तुमच्या लक्षात येणार नाही. मी इथे नऊ वर्षं राहून माझ्याही आलं नाही. यंदा तो रविवार होता 8 मार्च. अंतर साडेनऊ तासांवर आलं. तुमचे आठ तिथेच राहिले, माझे साडेनवाचे साडेदहा झाले.

आणि माझ्या फोनवर रविवार ते गुरुवार रात्री दहाला 'स्लीप' नावाची सोय आपोआप चालू होते. शुक्रवारी-शनिवारी मी ती ठेवलेली नाही, दुसऱ्या दिवशी उठायचं नसतं. तुमचे शनिवार-रविवार सकाळचे कॉल त्यामुळेच लागले. दहानंतर फोन वाजत नाही, आलेला कॉल गुपचूप त्या बाईकडे जातो. फक्त यादीत नावं घातलेल्या माणसांचे कॉल आत येतात.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. काल रात्री ती यादी उघडली. सेटिंग्ज, मग फोकस, मग स्लीप, मग पीपल. त्यात दोन नावं होती: एक तुमच्या जावयांचं आणि एक ऑफिसचा ऑन-कॉल नंबर. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर मला उठवायची परवानगी ऑफिसला होती. तुम्हाला नव्हती. ही यादी मी तीन वर्षांपूर्वी केली, घाईत, नवीन नोकरी लागली त्या आठवड्यात. तुमची नावं 'फेव्हरिट्स'मध्ये आहेत म्हणजे तुमचे कॉल येतीलच, असं मी धरून चालले. तसं नसतं, इथे वेगळं सांगावं लागतं. कारण एवढंच आहे. पण वाचायला चांगलं वाटत नाही, लिहायलाही वाटलं नाही.

सकाळी मला तुमचे मिस्ड कॉल दिसायचे, हे खरं. मग मी काळजी का केली नाही? हसू नका, पण मला वाटलं बाबा मिस्ड कॉलच देतायत. पुण्याला हॉस्टेलवर होते तेव्हा तुम्हीच शिकवलंत ना: पोचलीस की एक रिंग देऊन ठेव, आम्ही समजू. घरी सगळं ठीक असलं की तुमचीही एक रिंग यायची. मला वाटलं तेच चाललंय. ऑफिसला जाताना उलट फोन करायचे तोवर तुमचे संध्याकाळचे साडेपाच, बाबा घाटावर फिरायला, आणि आई म्हणायची, "काही विशेष नाही, सहज केला होता."

व्हॉइसमेलही होते, सात. एकही ऐकला नव्हता, इथेही आता ते कोणी ऐकत नाही, फोन त्याचा मजकूर लिहून दाखवतो तो वाचतात. तुमच्या मराठीचा त्याने इंग्रजीत जो मजकूर केला होता त्यात एक गाडी होती, एक केक होता आणि कोणीतरी मंगळवारी वारलं होतं. मी ते कुठल्यातरी जाहिरातीचे समजून सोडून दिले. काल सगळे ऐकले. पाडव्याचा बावीस सेकंदांचा आहे. मागे कुकरची शिट्टी. आई म्हणते, "हॅलो, अहो मॅडम, जरा मनूला फोन द्या ना." बाबा लांबून, "अगं, ती रेकॉर्ड आहे." आई, "मग आपण कशाला बोलतोय?" आणि फोन बंद. तीनदा ऐकला. जावयांनी चौथ्यांदा लावला.

तर आता काय केलंय. बाबांचा मोबाइल, आईचा मोबाइल आणि घरचा लँडलाइन, तिन्ही +91 लावून सेव्ह केले आणि तिन्ही त्या यादीत घातले. दुसरं, हे तुम्ही लक्षात ठेवायचं: आयफोनमध्ये एकाच नंबरवरून तीन मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा कॉल आला तर तो आत सोडायची सोय असते. माझ्याकडे ती चालू होती, तरी उपयोग झाला नाही, कारण बाबा एकदा लावून ठेवून देतात ("कामात असेल") आणि आई मग तिच्या फोनवरून लावते. दोन फोन, दोन नंबर, फोनच्या दृष्टीने दोन वेगळी माणसं. तेव्हा तातडीचं असेल तर त्याच फोनवरून लगेच दुसऱ्यांदा लावा. तुमच्या अँड्रॉइडमध्येही अशीच सोय आहे, तिथे मुदत 15 मिनिटांची. आणि बाबा, ती बाई बोलायला लागली की कॉल उचललाच असं धरतात, तुमचा आयएसडीचा मिनिट सुरू होतो. बोलायचं नसेल तर लगेच ठेवा.

उलट मी लावते तेव्हा बाबांचा एक नंबर बरेचदा "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" येतो. ते नेटवर्कचं नाही, मावशीचं आहे. तुमच्या फोनमध्ये दोन सिम आहेत. एका सिमवर आई मावशीशी पाऊण तास बोलत असली की तेवढा वेळ दुसरं सिम लागत नाही. ते दुसरं सिम लँडलाइनशेजारच्या जुन्या फोनमध्ये घालून ठेवा.

फॉरवर्डिंगची शंका मात्र तुमच्या फोनच्या बाबतीत मला खरंच आहे. मागे तो कुरिअरवाला तुम्हाला स्टार 21 की 401 आणि पुढे एक नंबर दाबायला सांगत होता, तो याच भानगडीतला. दाबलं असतंत तर बँकेचे ओटीपीचे कॉल त्याच्याकडे गेले असते. दूरसंचार खात्याने 15 एप्रिल 2024 पासून अशी कोडवरची सोय बंद ठेवायला सांगितली होती, तरी फोन येतातच. एकदा ##002# दाबून कॉलचं बटण दाबा, असेल नसेल ते सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. पुन्हा कोणी असं सांगितलं तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला कळवा.

आई, त्या बाईला मी काढून टाकलं. व्हॉइसमेलवर आता माझा आवाज आहे, मराठीत: "मी मनू. झोपलेय किंवा ट्रेनमध्ये आहे. बीप वाजली की बोल." ऑफिसवाल्यांना काय कळायचं ते कळेल.

मंगळवारी सकाळी आठला नेहमीसारखा फोन करा. इथे सोमवारची रात्र असेल, साडेदहा, मी अंथरुणात असेन आणि 'स्लीप' चालू असेल, मुद्दाम बंद करणार नाही. वाजला तर कॅलेंडरवर बरोबर, नाही वाजला तर फुली मारून मला फोटो पाठवा.

तुमची,
मनू

ता. क. आई, श्रीखंडात यंदा केशर घातलंस की जायफळ? त्या दिवशी विचारायचं राहिलं.