जिमीला मारलेली हाक

पुणे, ८ जानेवारी २०२३

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. 'जिमी जिमी आजा' हे गाणे उषा उथुप यांनीच म्हटले आहे, हा वसतिगृहातला हट्ट तू अजूनही सोडलेला नाहीस, हे वाचून हसूही आले आणि रागही आला. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये उषाताईंचे गाणे आहे खरे, पण ते 'कोई यहाँ अहा नाचे नाचे'. जिमीला हाक मारणारा आवाज मूळच्या त्रिनिदादच्या पार्वती खान यांचा आहे. तेव्हा पैजेची मिसळ तुझ्याकडून येणे आहे, याची नोंद घ्यावी.

चाल उचललेली आहे, हा तुझा दुसरा आरोप मात्र मला मान्य करावा लागतो. फ्रान्समधील ओटावान या जोडीचे १९८० चे 'यू आर ओके' आणि बप्पी लाहिरींचे हे गाणे परवा रात्री मी पाठोपाठ लावले, तेव्हा आतल्या खोलीतून "पुन्हा तेच काय लावलंत?" असा प्रश्न आला, यापुढे वेगळा पुरावा कशाला हवा? मूळ गाणे डॅनियल वांगार्ड आणि जाँ क्लुगेर यांचे. यातल्या वांगार्ड यांचा मुलगा पुढे 'डाफ्ट पंक' या इलेक्ट्रॉनिक नाचगाण्यांच्या जोडीतून जगभर गाजला, म्हणजे नाचायला लावण्याचा धंदा त्या घरात वडिलोपार्जितच म्हणायचा.

तरीही बप्पीदांनी नुसती नक्कल केली, असे मी म्हणणार नाही. ओटावानचे गाणे म्हणजे खेळकर लाडीगोडी आहे. आपल्याकडे तीच चाल अशा जागी बसवली, की तिचा अर्थच बदलला. विजेच्या गिटारचा धक्का बसून आई गेल्यामुळे चित्रपटाचा नायक जिमी याला गिटारची धास्ती बसली आहे, भर स्पर्धेत तो मंचावर थिजून उभा आहे, आणि नायिका रीटा त्याला 'आजा, आजा' म्हणून विनवते आहे. ठेका नाचाचाच, पण गाणे मनधरणीचे. गीतकार अंजान यांनी दोन अक्षरांचे नाव आणि दोन अक्षरांचे आर्जव एवढ्यावरच धृपद उभे केले, म्हणून हिंदीचा गंध नसलेल्यालाही ते म्हणता येते. सोव्हिएत संघात या चित्रपटाची सहा कोटींच्या घरात तिकिटे खपली आणि तिकडची मुलेही 'जिमी, जिमी' म्हणू लागली, ते काही अर्थ समजून नव्हे.

लंडनच्या एम.आय.ए. या श्रीलंकन तमिळ वंशाच्या गायिकेने २००७ मध्ये 'काला' या अल्बमसाठी हे गाणे पुन्हा केले. अल्बमला नाव तिच्या आईचे, आणि गाणे तिने लहानपणी घरगुती समारंभांत नाचलेले. चाल आणि 'आजा' तिने ठेवले. मात्र कडव्यांत प्रियकराकडे सुदानमधल्या दार्फुरच्या नरसंहाराच्या सहलीचा हट्ट धरला. मला ते प्रथम खटकले. तिसऱ्यांदा ऐकताना त्यातला बोचरा उपहास ध्यानात आला, तरी पार्वतीबाईंच्या आवाजातली आर्तता तिथे नाही, हे माझे मत कायम आहे.

पण या सगळ्यांवर कडी केली ती चीनमधल्या लोकांनी. गेल्या वर्षी, म्हणजे बप्पीदा फेब्रुवारीत गेले त्याच २०२२ च्या अखेरीस, करोनाच्या टाळेबंदीत कोंडलेली माणसे या चालीवर 'जिए मी, जिए मी' म्हणत रिकामी पातेली दाखवू लागली. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो 'तांदूळ उसने द्या'. आपल्या चाळीत वाटीभर साखर उसनी मागताना आवाज जसा खाली येई, तसा इथे मुळीच आलेला नाही. एका चित्रफितीत एक बाई पातेले उपडे करून, त्यात दाणाही नाही हे दाखवून, हसत हसत ठेका धरते. ती चित्रफीत मी चारदा पाहिली. सरकारविरुद्धचे गाऱ्हाणे जुन्या सिनेगीताच्या आडून मांडण्याची ही युक्ती आपल्या शाहिरांनाही आवडली असती.

तुझ्याकडची त्या चित्रपटाची कॅसेट अजून शाबूत असेल, तर येताना घेऊन ये. आतल्या कागदावर पार्वती खान यांचे नाव छापले आहे की नाही, ते मला तुझ्यासमोर वाचायचे आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत