पेटीवर बारा घरांचा ब्लूज

बोस्टन, रविवार

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कॉलेजात जॅझ शिकवतात म्हणजे नेमकं काय करून घेतात, आणि अंबाजोगाईत बसून त्यातलं काय आधीच करून ठेवता येईल, असं विचारलंस. दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे.

इथले बहुतेक शिक्षक स्वतः वाजवणारे असतात, त्यामुळं शिकवण्याची तऱ्हा तालमीसारखीच. इथल्या बर्कली संगीत कॉलेजात ॲलन डॉसन नावाचे ड्रमर १९५७ पासून अठरा वर्षं शिकवत होते. पुढं नावाजलेला ड्रमर टोनी विल्यम्स त्यांच्याच हाताखाली तयार झाला. हातापायांचे कठीण पाठ चालू असताना ते विद्यार्थ्याला गाण्याची मूळ चाल तोंडानं गायला लावत. ड्रमवाल्याला गायला का लावायचं? चाल तोंडात असली की आपण आवर्तनात कुठं आहोत हे मोजावं लागत नाही. पखवाजवाला अभंग मनात म्हणत वाजवतो, तेच हे. आजही शिक्षक आधी म्हणतात, गाऊन दाखव. जे गाता येत नाही ते बोटांत आलं तरी कच्चंच समजतात.

आता तुझ्या पेटीवर बस. ब्लूज म्हणजे जॅझमधला एक ठरलेला साचा. तो बारा घरांचा, प्रत्येक घरात चार मात्रा, म्हणजे एक आवर्तन ४८ मात्रांचं. त्यात तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गट. पांढरी चारवरचा (एफ सेव्हन) चार घरं. काळी पाचवरचा (बी फ्लॅट सेव्हन) दोन घरं. परत पांढरी चारवरचा दोन घरं. नवव्या घरात पांढरी एकवरचा (सी सेव्हन), दहाव्यात काळी पाचवरचा, शेवटची दोन घरं पुन्हा पांढरी चारवरचा. जॅझवाले यात बरीच भर घालतात, पण आधी एवढं पक्कं कर.

पूर्ण कॉर्ड दाबू नकोस. भाता डाव्या हातात, उजव्या हातानं फक्त दोन सूर धर. पहिल्या कॉर्डला काळी दोन आणि तिच्या वरची पांढरी सहा. काळी पाचच्या कॉर्डला दोन्ही बोटं एकेक पट्टी (काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून) खाली: पांढरी दोन आणि काळी चार. पांढरी एकच्या कॉर्डला, पहिल्या जागेपासून दोन्ही एकेक पट्टी वर: पांढरी तीन आणि काळी पाच. एवढंच. हात जागचा हलत नाही आणि तिन्ही कॉर्ड कानाला स्वच्छ कळतात, कारण हे त्या त्या कॉर्डचे तिसरे आणि सातवे सूर आहेत. कॉर्डची ओळख त्यांच्यातच असते. कॉर्डचा मूळ सूर, म्हणजे ज्या पट्टीवरचा तो कॉर्ड तो सूर, तोंडानं गा.

आपल्याकडून आलेल्या मुलांची मोठी अडचण इथंच होते. तंबोऱ्याच्या सवयीनं आपण षड्ज एकदा धरला की सोडत नाही. पाचव्या घरात कॉर्ड बदलतो आणि आपण पांढरी सहावर तसेच थांबतो. तो सूर तिथं खुपतो, कारण खाली काळी चार लागलेली असते. आपला कान बेसुरा नसतो, कॉर्ड बदलल्याची दखल त्यानं घेतलेली नसते. रोज वीस मिनिटं हे दोन सूर धरून गायलास तर दोन-तीन महिन्यांत ती दखल आपोआप घेतली जाईल.

दुसरी अडचण लयीची. हरिपाठात आपला जोर समेवर. इथं टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. फोनवरचा मेट्रोनोम ६० वर लाव आणि प्रत्येक टिक ही दोन किंवा चार आहे असं धर, म्हणजे गाण्याची लय १२० झाली. पाचदहा आवर्तनांत टिक गुपचूप एक आणि तीनवर येऊन बसते. तसं झालं की थांब, तोंडानं एक म्हण, टिकवर दोन म्हण, पुन्हा सुरू कर.

सॅक्सोफोन काढलास की लक्षात ठेव, पेटीची पांढरी चार म्हणजे आल्टो सॅक्सोफोनवर डी नावाचा सूर. चार्ली पार्करचं ‘नाऊज द टाइम’ याच पट्टीतला ब्लूज आहे, त्यातला त्याचा सोलो (एकट्यानं वाजवलेला भाग) घे. रोज फक्त चार घरं. फोनवर गती पाऊणपट कर, सूर बदलत नाही. आधी त्याच्या बरोबर गा, मग रेकॉर्डिंग बंद करून गा, मग वाजव, आणि सगळ्यात शेवटी लिही. तयार नोटेशन उतरवून घेऊ नकोस. सूर मात्रेच्या किती मागं रेलला आहे, सूर तोडायला जीभ कुठं लागली आहे, हे कागदावर येत नाही, आणि शिकायचं तेच असतं. लगतचे दोन छोटे सूर असतील तेव्हा जीभ बहुधा दुसऱ्या, हलक्या सुराला लागते आणि तो पुढच्या मात्रेत मिसळतो. प्रत्येक सुराला जीभ लावलीस तर वरातीचा बँड वाटेल.

कॉलेजातले दिवस भरगच्च जातात: कानाचा वर्ग, हार्मनी (कॉर्डचा अभ्यास), एकट्याची शिकवणी आणि पाचसहा जणांचा गट. कानाच्या वर्गात ‘डो’ (तिकडच्या सरगमचा पहिला सूर) आपल्या सा सारखा सरकता असतो, तिथं तुला सोपं जाईल. भाड्याच्या घरात सॅक्सोफोन वाजवता येत नाही, शेजारी तक्रार करतात. म्हणून सरावाच्या खोल्यांसाठी संध्याकाळी झुंबड उडते; सकाळी लवकर गेलं की मिळतात. रात्री मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवरच्या वॉलीज कॅफेत (१९४७ सालापासूनचं ठिकाण) विद्यार्थी जाऊन वाजवतात. अशा बैठकीत दोनतीन आवर्तनं वाजवून बाजूला व्हावं. कुणी स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं तर मूळ चालीवर परत यायचं, मूठ दाखवली तर शेवट करायचा.

वाद्याचं एक. चार रीड (तोंडाशी लावायच्या वेताच्या पट्ट्या) ठेव, पेन्सिलीनं आकडे टाक, रोज पाळीनं वापर. एकच रोज वापरलीस तर ती मरते, आणि नवी लावली की ओठाला परकी वाटते. मे महिन्यात सॅक्सोफोन माळवदाच्या खोलीत ठेव. पत्र्याच्या खोलीत पॅडखालची (भोकं झाकणाऱ्या गाद्यांखालची) लाख मऊ पडते, पॅड तिरकं बसतं, हवा गळते आणि खालचे सूर निघत नाहीत. मग माणूस उगाच फुंक वाढवत बसतो.

पुढच्या खेपेला पेटीचं रेकॉर्डिंग पाठव. बोटांत दोन सूर, तोंडात मूळ सूर, पाय दोन आणि चारवर, अशी सलग पाच आवर्तनं. चुकलं तरी कापू नकोस, कुठं चुकतंय तेच ऐकायचं आहे.

आईला साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका